मदत हवी आहे: पीजी_ॲट्रिब्यूट फुगलंय, काय करू?

मंडळी, पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांनी जरा बघा ना. आमचं रिपोर्टचं जुनं ॲप दर रिपोर्टला दहा-बारा टेम्प (तात्पुरती) टेबलं बनवतं आणि लगेच ड्रॉप करतं, आता डिस्क भरत आली म्हणून शोधलं तर आपला डेटा राहिला बाजूला, पीजी_ॲट्रिब्यूट हे पोस्टग्रेसचं स्वतःचं, कॉलमांची नोंद ठेवणारं टेबलच कित्येक जीबीचं झालंय!

मला कळलंय ते असं की टेबल, इंडेक्स, व्ह्यू, सिक्वेन्स सगळ्यांची एकेक ओळ पीजी_क्लास या तसल्याच नोंदींच्या टेबलात (त्यातल्या रेलकाइंड कॉलमवरून प्रकार कळतो) आणि प्रत्येक कॉलमची एक ओळ पीजी_ॲट्रिब्यूटमध्ये, वर सीटीआयडी, एक्समिन असले सहा सिस्टीम कॉलम, ज्यांचा ॲटनम (कॉलमचा क्रमांक) उणे असतो. म्हणजे 20 कॉलमचं टेम्प टेबल म्हणजे 26 ओळी, आणि ड्रॉप केल्यावर त्या मेलेल्या ओळी व्हॅक्यूम (मेलेल्या ओळींची सफाई) होईपर्यंत तिथेच पडून. डिस्कवर फाइल शोधायला गेलो तर रेलफाइलनोड (पीजी_क्लासमधला फाइलचा क्रमांक) चक्क 0, अर्धा तास डोकं खाजवलं, मग कळलं या कॅटलॉगचा (पोस्टग्रेसच्या अंतर्गत टेबलाचा) नकाशा पीजी_फाइलनोड.मॅपमध्ये असतो.

ऑटोव्हॅक्यूम (आपोआप होणारं व्हॅक्यूम) चालू आहे. पण एक कनेक्शन कायम आयडल इन ट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं) दिसतं, त्याच्यामुळेच साफ होत नसेल का? आणि व्हॅक्यूम फुल (टेबल पूर्ण नव्याने लिहून जागा मोकळी करणारं) मारलं तर टेबलावर ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (सगळ्यांना अडवणारं कुलूप) लागणार, म्हणजे तेवढा वेळ नवीन क्वेरीसुद्धा अडकतील ना? रात्री कोणी केलंय का हे, साधारण किती वेळ लागला? की आधी ॲपच बदलून सेशनला एकदाच टेबल बनवून 'ऑन कमिट डिलीट रोज' (दर कमिटला टेबलातल्या ओळी पुसणारा पर्याय) वापरू?