आधी व्होल्टेज जुळवा, मग ऐका

अँप्लिफायर किंवा केबल निवडताना ऑडिओप्रेमी म्हणतात, ‘मोजमापात सगळं येत नाही, शेवटी कानच खरे’. हे मलाही पटतं. पण मग निवाडा कानांनाच करू द्या, डोळ्यांना नको. दोन अँप्लिफायरपैकी एकाचा आवाज अर्ध्या डेसिबलने जास्त असला, तर तो मोठा वाटत नाही, ‘जास्त मोकळा’ वाटतो. मी स्वतः यात फसलोय. टेस्ट टोन (चाचणीसाठीचा एकसारखा सूर) लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला, दोन्हींचं व्होल्टेज जुळवलं, म्हणजे आवाज सारखा केला, आणि मित्राला पडद्यामागून अदलाबदल करायला लावली. सिंबलच्या (ड्रमसोबतच्या झांजेच्या) विरत जाणाऱ्या नादात जो फरक मी शपथेवर सांगत होतो, तो गायब!

२००७ मध्ये मायर आणि मोरन या संशोधकांनी अशाच चाचण्या प्रसिद्ध केल्या. हाय-रिझोल्युशन (सीडीहून जास्त तपशिलाचा) आवाज सीडीच्या दर्जातून, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमधून नेलाय की नाही, हे ५५४ पैकी २७६ वेळाच बरोबर ओळखलं गेलं. नाणं उडवूनही तेवढंच जमतं.

स्पीकरचं मात्र वेगळं. तिथले फरक खरे असतात, शिवाय खोली त्यात भर घालते. खुर्ची दोन फूट मागे सरकवली तरी बास (खर्जाचा आवाज) बदलतो.

केबल बदलल्यावर जाणवलेला फरक पडद्याआडून टिकतो का, ते एकदा करून बघा आणि जरूर कळवा.