उत्तर: युफोर्बियाची पानं गळताहेत

ताई, पानं पिवळी पडून गळायला लागली म्हणून तुम्ही पाणी वाढवलंत असं लिहिलंय, ते आधी थांबवा. युफोर्बिया मिली मूळचं मादागास्करचं, जाड खोडात पाणी साठवून ठेवणारं काटेरी झुडूप. आपल्या कोल्हापूरच्या पावसात त्याला पाणी घालायचं नसतं, पाण्यापासून वाचवायचं असतं. एका आषाढात माझी कुंडी राजारामपुरीतल्या गच्चीवर उघडीच राहिली. बुंध्यावर बोट टेकवलं तर साल आत दबली, खाली सगळं तपकिरी आणि मऊ. वरची एक फांदी मात्र कडक, हिरवीगार होती. तिच्यापासूनच आज माझ्याकडे 4 कुंड्या झाल्यात.

तुम्हीही तेच करा. चांगली घट्ट फांदी वीतभर कापा, चीक पाण्याखाली धुवा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. कापलेली जागा पूर्ण कोरडी झाली की निम्मी जाड वाळू, थोडा विटांचा चुरा आणि थोडं जुनं शेणखत अशा मिश्रणात लावा. हातमोजे घालाच. मला काट्यांपेक्षा चिकाची भीती जास्त वाटते. डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, पोटात जाणंही वाईट. घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

फुलं कमी येतात म्हणालात, त्याचं कारण बहुधा सावली. रोज 5-6 तास थेट ऊन मिळू दे. त्या लाल पाकळ्या म्हणजे खरं तर रंगीत पानं, फूल मधोमध इवलंसं असतं. जवळून बघा एकदा!