पायात कळ, एल५-एस१ ची (कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची) गादी सरकलीय: ऑपरेशन करू की थांबू?

टेम्पोवाला, सिन्नर
वय ३८. सात आठवड्यांपूर्वी कांद्याच्या गोण्या चढवताना कंबरेत लचक भरली. चार दिवसांत कंबर मोकळी झाली, पण कळ उजव्या कुल्ल्यातून पोटरीत, पार करंगळीपर्यंत उतरली. शिंकलं तरी पायात वीज चमकते. एमआरआयमध्ये गादी सरकून नस दबल्याचं दिसतंय. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन, दुसरे म्हणतात थांबा. गाडीचे हप्ते चालू आहेत. काय करू?

शिवणकामवाली
दादा, २०१९ मध्ये माझी एल४-एल५ ची, म्हणजे तुमच्याहून एक वरची, गादी सरकली होती. दुखणं मी दोन महिने काढलं. गोळ्या घेतल्या, घरातल्या घरात चालत राहिले. एकाने पाठीवर पाय देऊन गादी बसवतो म्हणून दाबलं आणि त्या रात्री मी रडून काढली. तुम्ही त्या वाटेला मुळीच जाऊ नका.
मग एक दिवस बाजारातून घरी आले तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. कुठे निसटली, कळलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी अंगठा वर उचलायला सांगितला, तो उचलेना. म्हणून ऑपरेशन केलं. दुखतंय म्हणून नाही, पायातला जोर जायला लागला म्हणून. शुद्धीवर आले तेव्हा पायातली कळ गेली होती. अंगठ्याला जोर यायला मात्र पाच महिने लागले. आणखी आधी दाखवायला हवं होतं, असं अजून वाटतं.

फिजिओ, सातारा
ताईंचं बरोबर आहे. नुसती कळ असेल तर थांबता येतं, कारण बाहेर आलेला गादीचा तुकडा बऱ्याच जणांत हळूहळू विरघळतो. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००७ मध्ये छापून आला. लवकर ऑपरेशन झालेल्यांना साधारण ४ आठवड्यांत बरं वाटलं, थांबलेल्यांना १२ लागले. वर्षाअखेरीस मात्र दोन्हीकडचे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं, हेही सांगतो. मणक्यातल्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडू शकतो, गादी मात्र त्याने आत जात नाही.
प्रीगाबालिन (नसेच्या दुखण्यावरची गोळी) चालू असेल तर झापड येते. त्या गुंगीत गाडी चालवू नका.
तुमची दबलेली नस एस१ ची, म्हणजे पोटरीतून करंगळीकडे जाणारी, असावी. भिंतीला हात टेकून एका पायाच्या चवड्यावर उभे राहा आणि टाच दहा वेळा उचला. मग दुसऱ्या पायावर तेच करा. फरक दिसला तर डॉक्टरांना लगेच कळवा. लघवी अडली, शी-लघवीवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर सकाळची वाट बघू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात जा.

टेम्पोवाला, सिन्नर
आत्ता करून पाहिलं. डावी टाच दहा वेळा उचलली. उजवी तीनदा, चौथ्यांदा वरच येईना. बायकोने मोजलं. लघवीला काही त्रास नाही. डॉक्टरांना फोन केला, उद्या नऊला बोलावलंय. भाऊ मोटारसायकलवर नेतो म्हणत होता, पण रिक्षाच सांगितली.