कानाचं मशीन: सासऱ्यांसाठी, बजेट २५ हजार, सल्ला हवा

मेतकूट | सोमवार, रात्री ९.४०
नमस्कार. जुना धागा सापडला, पण त्यातल्या किमती पंधरा वर्षांपूर्वीच्या आहेत म्हणून नवीन काढतेय.

सासरे (अण्णा), वय ७२. इचलकरंजीत यंत्रमागावर ३८ वर्षं जॉबर (माग दुरुस्त करणारे) होते. धोट्याच्या मागांचा खडखडाट दिवसभर, कानात कापसाचा बोळासुद्धा कुणी घालायचं नाही. आता म्हणतात, "बोलताय ते ऐकू येतंय, काय बोलताय ते कळंना." सात म्हटलं की आठ ऐकतात. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढला: उजव्या कानाचा दोष ५२ डेसिबल, डाव्याचा ५८, आणि ४००० हर्ट्झपाशी आलेख विहिरीत पडल्यासारखा खाली. डॉक्टर म्हणाले नसेचा दोष आहे, औषध नाही, मशीन लावा.

टीव्हीचं सोडा, त्याची सवय झालीय. खरा प्रश्न भजनाचा आहे. गेल्या एकादशीला पेटी थांबली, सगळे थांबले आणि अण्णांचे टाळ एकटेच वाजत राहिले. पोरं हसली. तेव्हापासून टाळ खिळ्याला अडकवलेत ते अडकवलेतच. आषाढीच्या आत काहीतरी करायचंय. बजेट २५ हजार, त्यापुढे खरंच नाही.

निवांत_बाई | रात्री ९.५२
रुमाल टाकून ठेवते. आईसाठी बघायचंय.

पैसा_वसूल | रात्री १०.०५
मी वडिलांना गेल्या दिवाळीत घेतलं. दोन कानांचे १ लाख ८० हजार. चार्जिंगवालं, फोनला जोडतं, ॲपवरून आवाज कमीजास्त. एकदाच घ्या पण चांगलं घ्या. स्वस्तातलं घेऊन रडणारे खूप बघितलेत.

मेतकूट | रात्री १०.११
धन्यवाद, पण बजेट २५ आहे. आणि अण्णांचा फोन बटणांचा आहे.

पैसा_वसूल | रात्री १०.१४
हप्त्यावर मिळतं. फोनही बदलून टाका.

खडूस_आजोबा | रात्री ११.३०
वय ७७. माझ्या कपाटात तीन मशिनं पडलीत, आता चौथं कानात आहे, म्हणून बोलायचा अधिकार माझा. पहिलं घेतलं तेव्हा दुकानदाराने वीस मिनिटांत लावून घरी पाठवलं. घरी आलो तर बायकोने वरणाला फोडणी घातली, ती थेट माझ्या डोक्यात फुटली. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा फाटल्यासारखा आवाज. आठ दिवसांत काढून ठेवलं. नंतर एका शहाण्या मुलीने सांगितलं की इतकी वर्षं मेंदूला हे आवाज मिळालेच नाहीत, त्याला पुन्हा शिकवावं लागतं. पहिले काही दिवस घरात, शांततेत, दोन-तीन तास. मग अंगण. मग बाजार. लग्नाचं कार्यालय सगळ्यात शेवटी. तिथे तर चांगल्या कानांनाही काही कळत नाही. हे दुकानदार सांगत नाही कारण त्याला पुढचं गिऱ्हाईक असतं.

जर्सीकर | मंगळवार, पहाटे ४.२०
इथे अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य आणि मध्यम दोषासाठी मशीन चिठ्ठीशिवाय मिळतं. मी आईला कॉस्टको या दुकानातून घेऊन दिलं, एकदम मस्त. शिवाय आता ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ इअरफोनमध्येही ती सोय आहे, २०२४ मध्ये एफडीएने (इथलं औषधं-उपकरणांचं सरकारी खातं) परवानगी दिली. कुणी येणारं असेल तर मागवून घ्या.

खडूस_आजोबा | सकाळी ७.०२
आणि बिघडलं की दुरुस्तीला न्यू जर्सीला पाठवायचं का? दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या), पण त्यांना इचलकरंजीत राहायचंय.

जर्सीकर | सकाळी ७.३८
मी फक्त माहिती दिली. इथली सर्व्हिस काय असते ते बघितल्याशिवाय बोलू नये.

(पुढचे सहा प्रतिसाद भारतातली सेवा विरुद्ध तिकडची सेवा यावर गेले. समंजसांनी ते गाळून वाचावेत. – मेतकूट)

फणसपोळी | दुपारी १२.१५
आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात मशीन दमट होऊन बंद पडतं. घेताना सिलिका जेलची डबी मागून घ्या, रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन त्यात ठेवायचं. सासूबाईंनी एकदा तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं, दाणा अडकला, ते निराळंच प्रकरण झालं. अजून एक, मशीन बंद पडलं की आधी मळ बघा. आमचं दोनदा "बिघडलं", दोन्ही वेळा टोकाशी मळ होता आणि एकदा त्याचे पाचशे घेतले.

गावठी_उपाय | दुपारी १.००
लसणाच्या पाकळ्या तिळाच्या तेलात कडकडवून ते कोमट तेल दोन-दोन थेंब. माझ्या मामांचं ऐकू येणं परत आलं.

कर्णपिशाच्च | दुपारी १.४५
ऑडिओलॉजिस्ट आहे (ऐकणं तपासून मशीन बसवून देणारा), नाव गमतीने घेतलंय. आधी वरचं: मामांच्या कानात मळ असणार, तो मऊ होऊन निघाला असेल. आवाजाने मेलेल्या आतल्या कानाच्या पेशी तेलाने परत येत नाहीत. कृपया काही घालू नका, पडद्याला भोक असेल तर आणखी पंचाईत.

मेतकूट, अण्णांचा आलेख माग चालवणाऱ्यांचा नेहमीचा आहे. जाडे स्वर शाबूत, बारीक गेलेले. स, श, फ, ख ही अक्षरं त्या बारीक पट्टीत असतात, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. घरच्यांनी ओरडून उपयोग नाही, ओरडल्याने फक्त स्वर मोठे होतात. समोर बसून, जरा सावकाश बोला.

२५ हजारांत कानामागचं साधं डिजिटल मशीन येतं, कधी दोन्ही कानांचंही. महाग मशीनमध्ये मुख्यतः गोंगाट वेगळा करायची अक्कल जास्त असते. घरात बोलण्यापुरतं साधं चालतं. घेण्याआधी चार-आठ दिवस घरी वापरायला द्या म्हणावं. देत नसतील तर दुसरीकडे जा. आणि भजनासाठी संगीताचा वेगळा प्रोग्रॅम भरून मागा. मशीन कधीकधी स्वतःच शिट्टी मारतं; ती दाबायची जी सोय असते ती पेटीचा लांबवलेला सूरसुद्धा शिट्टी समजते आणि सूर थरथरायला लागतो.

मेतकूट | दुपारी २.१०
हे कुणीच सांगितलं नव्हतं! दुकानात एक खिशातलं, वायरवालं यंत्रही दाखवलं, साडेचार हजारांचं. ते कसं?

कर्णपिशाच्च | दुपारी २.२५
नको. सदऱ्याची घासाघीस ऐकू येते, वायर तुटते. आता क्वचितच देतो आम्ही.

पैसा_वसूल | दुपारी २.३१
खिशातलं? लोक काय म्हणतील? आता आतलं दिसतही नाही असं मिळतं.

नियमावली | दुपारी ३.५०
सरकारी मार्ग कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची: वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, तर एकरकमी ३००० रुपये खात्यात. त्यातून घ्यायच्या वस्तूंच्या यादीत श्रवणयंत्र आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचं मात्र तुमचं होणार नाही. २०१६ च्या कायद्यात 'ऐकण्यात अडचण' या प्रकारासाठी दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल लागतात. अण्णांचा डावा कान दोन डेसिबलांनी हुकला, उजवा आठांनी. मुंबईकरांसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आहे, तपासणी तिथेही होते.

आणि कृपया शीर्षकात 'श्रवणयंत्र' करा. मशीन काय, मशीन गिरणीचं असतं.

फणसपोळी | दुपारी ४.०२
दुकानात जाऊन 'श्रवणयंत्र' म्हणा, दुकानदार विचारतो "म्हणजे कानाचं मशीन का?" :)

वऱ्हाडी_ठेचा | संध्याकाळी ६.३०
सगळं वाचलं नाही, पण दोन्ही कानांना घ्या. एका कानाला घेतलं की आवाज कुठून आला तेच समजत नाही. आमच्या बाबांना मागून स्कूटर येते का पुढून, हेच कळत नव्हतं.

खडूस_आजोबा | संध्याकाळी ७.१५
अनुमोदन. आणि सेलचा खर्च धरा. तपकिरी स्टिकरचा ३१२ नंबर माझा आठवडाभर जातो. स्टिकर काढला की लगेच बसवायचा नाही, मिनिटभर हवा लागू द्यायची. हे मला तिसऱ्या मशीनला कळलं.

मेतकूट | तीन आठवड्यांनी, रविवार
उशिरा येतेय, सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

२२ हजारांची कानामागची जोडी पाच दिवस घरी आणली. खडूस_आजोबांनी सांगितल्याप्रमाणे आधी घरात लावली. बोलणं खरंच सुधारलं. माझी धाकटी "आजोबा, शेव देऊ?" म्हणाली आणि अण्णांनी हात पुढे केला. एरवी "शेण?" विचारलं असतं.

पण दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे त्यांची बोटं. उजव्या तर्जनीचं एक पेर मागात गेलंय, उरलेली बोटं राठ. तो ३१२ चा सेल मुगाच्या डाळीएवढा भासतो त्यांना. पहिल्या सकाळी दोन सेल पलंगाखाली गेले, तिसरा उलटा बसला. दुसरं, भजनाची तालीम. संगीताचा प्रोग्रॅम भरून घेतला होता, तरी अण्णा म्हणाले, "पेटी रडतीया." शिट्टीची सोय बंद करून बघितली, तर टाळ कानाजवळ आले की शिट्टी.

जोडी परत द्यायला गेलो तेव्हा तिथे एक म्हातारबाबा ते खिशातलं यंत्र हातात धरून बसले होते, मोठं चाक फिरवत. अण्णांनी ते मागून घेतलं, चाक फिरवलं, डबा उघडला, आत साधा पेन्सिल सेल. "हे घ्यायचं," म्हणाले. मी तुमचे सगळ्यांचे मुद्दे सांगितले. वायर दिसेल हेही सांगितलं. तर म्हणाले, "दिसू दे की. तार दिसली की माणसं तोंड माझ्याकडं करून बोलत्यात."

घेतलं. साडेचार हजार, उजव्या कानाला, कानात बसवायच्या साच्याचे पैसे वेगळे. भजनात ते खिशात ठेवत नाहीत, पेटीच्या फळीवर ठेवतात. वायर पुरेल इतके पुढे सरकून बसलेत आता, पेटीवाल्याच्या गुडघ्याला गुडघा लावून. काल थांबायच्या ठिकाणी टाळ थांबले.

कर्णपिशाच्च | रविवार, दुपारी
मी नको म्हटलं होतं, पण माइक पेटीपाशी नेणं ही युक्ती खरी आहे. आवाजाच्या उगमाजवळ माइक असण्याइतकं काम कुठलंच सॉफ्टवेअर करत नाही. मात्र चाक पूर्ण फिरवायचं नाही, मोठ्या आवाजाची मर्यादा दुकानात बसवून घ्या. टाळ फार कर्कश असतात. आणि डावा कान तसाच सोडू नका, वर्षाने पुन्हा तपासा.

पैसा_वसूल | दुपारी
मग धागा कशाला काढला होता? लिहून ठेवा, सहा महिन्यांत चांगलं घ्यायला याल.

मेतकूट | संध्याकाळी
असू शकेल. उरलेले पैसे वेगळे ठेवलेत. घरात मात्र ते लावतच नाहीत, सेल फुकट जातो म्हणतात. टीव्हीचा आवाज अजून ३८ वर.

फणसपोळी | संध्याकाळी
मंगळागौरीपर्यंत रिमोट लपवा.

निवांत_बाई | रात्री
रुमाल उचलला. आईसाठी बघायचंय, सगळं वाचलं. बजेट किती धरू?

पैसा_वसूल | रात्री
१ लाख ८०.