मॅरेज अँड फॅमिली थेरपीचं मास्टर्स: नाशिकहून अमेरिकेला अर्ज करताना

गंगापूर_रोड:
पुणे विद्यापीठाची मानसशास्त्रातली तीन वर्षांची बी.ए. आहे, कॉलेज नाशिकचंच. पुढच्या ऑगस्टच्या सत्रासाठी अमेरिकेत मॅरेज अँड फॅमिली थेरपीला अर्ज करायचे आहेत. कॉलेज निवडताना आधी काय बघावं? एसओपीत (अर्जासोबतच्या हेतुपत्रात) काय हवं? अनुभव शून्य आहे, तो इथे कुठे मिळेल? एजंट म्हणतो, काउन्सेलिंगचं कुठलंही मास्टर्स चालतं. खरं आहे का?

इंदिरानगरकर:
नाही चालत. तिथे थेरपिस्टचं लायसन्स राज्य देतं, विद्यापीठ नाही. म्हणून आधी राज्य ठरवा, मग कॉलेज. सीओएएमएफटीईची (या विषयाच्या कोर्सना मान्यता देणारी तिथली संस्था) मान्यता असलेला कोर्स केला की बहुतेक राज्यांत पुढचं काम सोपं होतं. कॅलिफोर्नियात तिथल्या बोर्डाच्या अटींत बसणारी ६० सेमिस्टर युनिटांची पदवी लागते. ही मान्यता नसलेले, तरी बोर्डाला चालणारे कोर्स तिथे पुष्कळ आहेत. पण तोच कोर्स घेऊन दुसऱ्या राज्यात गेलात की एकेक विषय तपासतात.

खरी अडचण व्हिसाची आहे, आणि ती माहितीपत्रकात नसते. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पदवीनंतर ओपीटी (आपल्या विषयात काम करायची परवानगी) मिळते १२ महिन्यांची. स्टेम विषयांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) आणखी २४ महिने मिळतात. हा विषय त्यात येत नाही. कॅलिफोर्नियात लायसन्ससाठी देखरेखीखालचे ३,००० तास आणि किमान १०४ आठवडे भरावे लागतात. शिकतानाचे काही तास धरतात, तरी उरलेलं १२ महिन्यांत बसवणं फार अवघड. त्यात ओपीटीवर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही.

प्रत्येक विभागाला मेल करून विचारा: प्रॅक्टिकममध्ये (कोर्समधल्या देखरेखीखालच्या सरावात) प्रत्यक्ष क्लायंटसोबत किती तास मिळतात, त्यातले जोडप्यांचे आणि कुटुंबांचे किती, आणि एफ-१ वरच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पदवीनंतर कुठे जागा मिळाल्या. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर तिथे अर्जाची फी घालवू नका. तीन वर्षांची पदवी चालते का, हेही त्याच मेलमध्ये. काही विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात.

पंचवटीकर:
एसओपीबद्दल. "लोकांना मदत करायला आवडते", मग नैराश्य, चिंता, सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्याची थेरपी)... असा अर्ज क्लिनिकल सायकॉलॉजीचा वाटतो. इथे समितीला बघायचं असतं की एका माणसाकडे पाहताना त्याच्याभोवतीची नाती तुम्हाला दिसतात का.

समजा, निफाडकडचं एकत्र कुटुंब, द्राक्षबागेवर कर्ज. नवरा-बायकोचं वाजलं की नवरा आईकडे बोलतो, बायकोकडे नाही. "सासू खाष्ट आहे" असं लिहिलंत तर तुम्ही एका माणसावर बोट ठेवलंत. फॅमिली थेरपीचा पाया घालणाऱ्यांतले मरे बोवेन याला त्रिकोण म्हणतात: दोघांतला ताण सोसेना की तिसऱ्याला मध्ये ओढायचं. ताण तेवढ्यापुरता उतरतो, म्हणूनच सवय लागते, आणि दोघांतलं भांडण तसंच राहतं. याच क्षेत्रातल्या साल्वादोर मिनुचिन यांच्या दृष्टीने पाहिलं तर त्या जोडप्याभोवती सीमारेषा आहे का, म्हणजे दोघांचं दोघांतच राहतं का, हा प्रश्न येतो. एकच प्रसंग घ्या आणि तो असा उलगडून दाखवा. दहा सिद्धांतांची नावं टाकण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

घरचं दुःख लिहायचंच असेल तर दोन-तीन वाक्यांत. मुलाखतीत त्यावर शांतपणे बोलता आलं पाहिजे. आणि समुपदेशनात भेटलेल्या कुणाची ओळख पटेल असा तपशील नको. गोपनीयता कळत नाही, असाच त्याचा अर्थ लावतात.

देवळाली_कॅम्प:
कागदपत्रं आत्ताच सुरू करा. बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत असतात. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडून घ्यायची असते, कॉलेजकडून नाही. दोन महिने हाताशी ठेवा. सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखीच गुंता. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा, आणि फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. त्यातलं एक तरी तुमचं प्रत्यक्ष काम पाहिलेल्या माणसाचं हवं. अनुभवासाठी कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या संस्था, पोलिसांशी जोडलेली महिला समुपदेशन केंद्रं आणि व्यसनमुक्ती केंद्रांतल्या कुटुंबीयांच्या बैठका इथे विचारा. सुरुवातीला नोंदी ठेवणं, आलेल्या बाईंना बसवणं, फोन घेणं एवढंच देतील. तेही चालतं. आठवड्याला चार तास, पण सहा-आठ महिने सलग. पंधरा दिवसांच्या प्रमाणपत्राला कुणी विचारत नाही.

गंगापूर_रोड:
मनापासून आभार. शिकून नाशिकला परत आले तर इथे या पदवीचा उपयोग काय?

इंदिरानगरकर:
भारतात फॅमिली थेरपिस्टचं वेगळं लायसन्स नाही. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी या पदवीवर मिळत नाही, त्यामुळे तसा बोर्ड लावता येणार नाही. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या पदासाठी समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला वजन असतं; जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचा. परत यायचं नक्की असेल तर इग्नूच्या समुपदेशन आणि कौटुंबिक थेरपीतल्या एम.एस्सी.चे प्रवेश सध्या चालू आहेत का, ते आधी तपासा. किमान दोन वर्षं, आणि खर्च अमेरिकेच्या मानाने अगदीच थोडा. मात्र प्रात्यक्षिकांचं केंद्र कुठे मिळतंय ते नाव नोंदवण्याआधीच विचारून घ्या.