केप ब्रेटनला पावसात एकट्याने बाईक, जाऊ का?

सप्टेंबरअखेर हॅलिफॅक्सहून कॅबट ट्रेल (कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरचा गोल रस्ता) करायचं ठरवलंय, एकटाच, ५०० सीसी बाईक. फोरकास्ट बघतोय तर तिन्ही दिवस पाऊस. बायको नकोच म्हणतेय.

रेनकोटवाला: जा रे, पण २९८ किमीचा लूप एका दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नकोस. मी गेलेलो तेव्हा मॅकेन्झी माउंटनवर असलं धुकं की रस्त्यावरची पिवळी पट्टी सोडून काही दिसेना, त्यात ग्लोव्हज भिजून रंग उतरला नि बोटं काळीठिक्कर, शेवटी भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घेतले, तेच कामाला आले.

घाटवेडी: पावसापेक्षा वाऱ्याला घाबर. ट्रेलवरच्या शेटिकॅम्प गावाकडे 'ले सुएत' नावाचा वारा डोंगरावरून सुटतो, ताशी २०० किमीच्या वर गेलेला आहे. इशारा असला तर गपचूप रूमवर बसायचं. आणि अंधार पडायला लागला की रस्त्यावर मूस, म्हणजे तिकडचं भलंमोठं हरीण. ती काय आपल्या घाटातली म्हैस नाही, हॉर्न मारला की बाजूला व्हायला.

प्रश्नकर्ता: ओके. क्लॉकवाइज की उलटं?

घाटवेडी: तिकडे गाडी उजवीकडून चालवायची, म्हणून उलटं गेलास तर समुद्र तुझ्या बाजूला, फोटो भारी. पण ओल्या रस्त्यावर मी तरी क्लॉकवाइजच जाईन, डोंगराच्या कडेने.