अक्षर मोठं करायची सोय
"कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं, मग साइटवर वेगळं बटण कशाला?" असं एकानं विचारलंय. मंगळवार पेठेतल्या आमच्या आबांना ती युक्ती ठाऊकच नाही. 'अ+' दिसलं की मात्र लगेच दाबतात.

पण नुसतं बटण देऊन भागत नाही. परवा एका साइटवर त्यांनी अक्षर वाढवलं तर ओळी एकमेकींवर चढल्या, उकार कापले गेले. देवनागरीत वर-खाली मात्रा येतात, ओळींत अंतर सोडायलाच हवं! डब्ल्यूसीएजी २.० हे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे नियम, २००८ चे. मजकूर २०० टक्के वाढवला तरी काही हरवू नये, असं त्यात आहे. साइट बनवताना अक्षराचा आकार पिक्सेलऐवजी रेममध्ये (म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या पटीत) द्या आणि मजकुराच्या चौकटींची उंची ठरावीक ठेवू नका.